सोलापुरात घर बांधताय? कोटेशनमधले हे शब्द आधी समजून घ्या

घर बांधायला काढलं की विटांच्या आधी कागद येतात. आर्किटेक्टचा, ठेकेदाराचा, खिडकीवाल्याचा, वॉटरप्रूफिंगवाल्याचा, सोलरवाल्याचा. ते कागद वाचणं हे माझं काम. सिव्हिलचा डिप्लोमा करून बरीच वर्षं साइटवर सुपरवायझर होते. आता जुळे सोलापुरात घरूनच लोकांना एस्टिमेट काढून देते आणि दुसऱ्यांनी काढलेली तपासून देते. येणारे बहुतेक पहिल्यांदाच बांधणारे असतात: शिक्षक, नर्स, एसटीतले, टॉवेल कारखान्यातले. शेवटच्या ओळीतला आकडा सगळे चोख वाचतात. वरच्या ओळींत काय लिहिलंय ते विचारायला मात्र संकोचतात, आणि समोरचाही आपणहून सांगत नाही.

माझं एक मत आधीच सांगते. सोलापुरात घराला खरा त्रास उन्हाचा. ते ऊन सगळ्यात जास्त गच्चीतून येतं, त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीतून. पैसे मोजकेच असतील तर आधी तिथे घाला. एसी, सोलर, भारी काचा नंतर बघता येतात. स्लॅबवरचे थर नंतर बदलायला गेलात तर सगळी गच्ची उकरावी लागते. म्हणून खाली गच्चीवर मी जास्त बोलणार आहे आणि काही शब्दांवरून भरभर पुढे जाणार आहे.

मापं

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे बहुतेकांना पाठ असतं. कार्पेट एरिया म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. फ्लॅट घेणाऱ्याला हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्याला ठेकेदार दर लावतो तो बांधकामाच्या म्हणजे स्लॅबच्या मापावर. तिथे एकच प्रश्न विचारा: पोर्च, जिना आणि छज्जा यांचं माप पूर्ण धरणार, अर्धं धरणार, की धरणारच नाही? उत्तर कागदावर लिहून घ्या.

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉट १०० चौरस मीटर आणि एफएसआय १.१ असेल तर सगळे मजले मिळून ११० चौरस मीटर बांधता येतं. तुमच्या प्लॉटला किती मिळेल ते २०२०च्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये असतं. समोरचा रस्ता किती रुंद यावरही त्यातलं बरंच ठरतं. हे काम आर्किटेक्टचं, त्याच्याकडून लेखी घ्या.

ब्रास हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो आणि नवखा माणूस तिथे हमखास गोंधळतो. वाळू, खडी, मुरूम, डबर यांचा ब्रास १०० घनफुटांचा. गिलावा, रंग, फरशी यांचा ब्रास १०० चौरस फुटांचा. गाडी आली की टेप घेऊन मागे उभं राहायचं: हौद्याची लांबी, रुंदी आणि माल भरलेली उंची फुटांत मोजा, तिन्ही गुणा, १०० ने भागा. मधोमध ढीग आणि कडेला खड्डा असेल तर आधी माल सारखा करायला सांगा. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते. माप भरतं, माल कमी असतो. ड्रायव्हर कुरकुरतो. कुरकुरू दे.

पाया, कॉलम आणि पाण्याचा प्रश्न

आपल्याकडे बऱ्याच भागांत वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पायाही तसाच हलतो आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून कोटेशनमध्ये ‘खोदाई पाच फूट’ एवढंच लिहिलेलं असेल तर ‘कठीण मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत’ हे शब्द घालून घ्या. जादा खोदाईचा दरही आत्ताच ठरवा.

एम २० हा काँक्रीटचा दर्जा: २८ दिवसांनी एका चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं. आरसीसीसाठी याच्या खाली जायचं नाही. एफई ५०० डी ही सळई; आकडा ताकदीचा, ‘डी’ म्हणजे वाकण्या-ताणण्याची जादा क्षमता, भूकंपात उपयोगी पडणारी. कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांमधलं अंतर. साधारणपणे स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक मिळतात. कुठे खडीचा तुकडा सरकवलेला दिसला तर काम थांबवा.

क्युरिंगवर जरा थांबते, कारण सोलापुरात घर कमजोर होतं ते बऱ्याचदा इथेच. काँक्रीट वाळून कडक होत नाही, पाणी पिऊन कडक होतं. आयएस ४५६ या मानकात साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. पण हवा कोरडी आणि तापलेली असेल तर ओपीसीला १० आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवस. आज घरांना बहुतेक पीपीसीच वापरतात आणि आपली हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणजे १४ दिवस. नळाला काही दिवसांआड पाणी येतं अशा गावात १४ दिवस स्लॅबवर पाणी उभं ठेवायचं तर बोअर किंवा टँकर लागणार, आणि त्याचा खर्च कोण करणार हे कोटेशनमध्ये नसतंच. तेवढी ओळ वाढवून घ्या. स्लॅबवर मसाल्याची आळी करून पाणी साठवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवायचं. मार्चनंतर स्लॅब टाकायचा असेल तर पहाटे सुरू करा. माझ्या ओळखीचा एक सेंट्रिंगवाला म्हणतो, ‘अक्का, एवढं कुणी बघत नाही.’ मी त्याला सांगते, घरमालक बघणार आहे, त्याला मी शिकवून ठेवलंय.

भिंत: यू-व्हॅल्यू आणि थर्मल मास

आता उष्णतेकडे. भिंत किंवा स्लॅब किती उष्णता आत सोडतो, त्याचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू. दोन्ही बाजूंत एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट पलीकडे जातात, तो आकडा. जितका लहान तितका चांगला. आर-व्हॅल्यू त्याच्या उलट: एकला यू-व्हॅल्यूने भागा, तो जितका मोठा तितका चांगला. विक्रेते सोयीचा आकडा सांगतात, म्हणून आधी विचारा, ‘यू सांगताय की आर?’

नऊ इंची विटेची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत यू-व्हॅल्यूत दोनच्या आसपास येते. आठ इंची एएसी ब्लॉकची भिंत पाऊणच्या आसपास. एएसी म्हणजे आत बारीक हवेचे बुडबुडे असलेला हलका पांढरा ब्लॉक. उष्णता अडवते ती ही हवा. फ्लाय अॅशची, म्हणजे कोळशाच्या राखेची वीट मात्र वजनदार असते आणि उष्णतेच्या बाबतीत साध्या विटेच्या जवळच. नाव नवीन दिसलं म्हणून ती थंड असेल असं धरू नका.

मग सगळ्यांनी एएसीच वापरावा का? इथे दुसरा शब्द येतो, थर्मल मास. जड वस्तू उष्णता लगेच आत सोडत नाही, साठवते आणि काही तासांनी सोडते. त्या उशिराला टाइम लॅग म्हणतात. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत हात-दीड हात जाड भिंती आणि वर मातीचा थर असायचा. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री घरातली माणसं वर माळवदावर झोपायची. हिशेब जुळायचा. आजच्या नऊ इंची भिंतीतून पश्चिमेचं ऊन आत येतं ते रात्री आठ-दहाला, आणि त्या वेळी आपण त्याच भिंतीला डोकं लावून झोपतो.

म्हणून मी सरसकट नाही सांगत. पश्चिमेच्या भिंतीला एएसी किंवा दोन थरांमध्ये पोकळी ठेवलेली विटेची भिंत; बाकीकडे बजेटप्रमाणे. एएसी घेतलात तर ब्लॉक आणि कॉलम-बीम यांच्या सांध्यावर जाळी मारून मगच गिलावा, नाहीतर सांध्यात केसासारख्या भेगा पडणारच. गिझर आणि वरची कपाटं टांगायला वेगळे अँकर लागतात, ते सुताराला आधी सांगा.

आता वास्तूबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला मालकाची बेडरूम नैऋत्येला हवी असते. वाद घालत नाही, घर त्यांचं आहे. पण नैऋत्येची खोली म्हणजे दक्षिण आणि पश्चिम दोन्ही उघड्या भिंती, म्हणजे संध्याकाळी घरातली सगळ्यात तापलेली खोली. तिथेच हवी असेल तर एवढं करा: खिडकी पश्चिमेला ठेवू नका, दक्षिणेला ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला आतून कपाटांची अख्खी रांग लावा किंवा बाथरूम त्या बाजूला घ्या. बाहेर जागा असेल तर कडुलिंब लावा.

गच्ची

सोलापूर साधारण साडेसतरा ते अठरा अक्षांशाच्या मधे आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत भिंतींना ऊन तिरपं लागतं, गच्चीला सरळ. एकमजली घरात गच्चीचं क्षेत्रफळही भरपूर. म्हणून म्हणते, पैसा आधी इथे.

उघड्या सहा इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर असते. दहा बाय बाराची खोली घ्या, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. तापलेली गच्ची आणि खोली यांत ३० अंशांचा फरक धरला तर ११ गुणिले ३.२ गुणिले ३०, म्हणजे हजार वॅटच्या थोडं वर. हजार वॅटची इस्त्री छताला उलटी टांगून चालू ठेवावी, तसं. हा हिशेब ढोबळ आहे, कारण स्लॅब उष्णता आधी साठवतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडतो; म्हणूनच दिवेलागणीला पंखा लावला की वरून गरम हवा येते.

इको निवास संहिता नावाची घरांसाठीची ऊर्जा संहिता बीईईने, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, डिसेंबर २०१८ मध्ये आणली. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको असं आहे. २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी होती, तुमच्या दीड-दोन गुंठ्यांना ती लागू नाही. पण आकडा फुकट मिळालाय तर वापरायला काय हरकत? कोटेशनमध्ये ‘हीट प्रूफ टेरेस’ असं मोघम लिहिलेलं असेल तर विचारा, ‘सगळे थर धरून यू-व्हॅल्यू किती येते?’ उत्तर नाही आलं तर समजून जा.

थरांची नावं अशी. ब्रिक बॅट कोबा म्हणजे वीटतुकडे मसाल्यात बसवून केलेला उताराचा थर. त्याचं मुख्य काम पाणी काढून देणं. उष्णता थोडीच अडते, चार इंची कोब्यानंतरही यू-व्हॅल्यू दोनच्या वरच राहते. वाटा म्हणजे गच्ची आणि पॅरापेट (कठड्याची भिंत) यांच्या कोपऱ्यात केलेली गोलाई. ती नसेल तर पाणी तिथूनच मुरतं. एक्सपीएस म्हणजे दाबून केलेली कडक फोमची शीट. हा खरा इन्सुलेशनचा थर. कोब्यासोबत २५ मिलिमीटर टाकली तर यू-व्हॅल्यू ०.८ च्या आसपास उतरते, ५० मिलिमीटरने ०.५ च्या आसपास. म्हणजे २५ मिलिमीटरनेच त्या खोलीचे हजार वॅट अडीचशेच्या आसपास आले.

एक्सपीएसऐवजी साधं थर्मोकोल सुचवणारे भेटतील. तेही उष्णता अडवतं, पण पाणी जास्त धरतं आणि पायाखाली दबतं. गच्चीवर कुरड्या-पापड वाळत घालायला माणसं वावरतात, टाक्या असतात, तिथे एक्सपीएसच. क्रम असा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, त्यावर कोबा, सगळ्यात वर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे टाइलचे तुकडे बसवून केलेली फरशी. इन्सुलेशन स्लॅबच्या वर हवं. खालून फॉल्स सीलिंगमध्ये घातलं तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब मात्र रोज तापत-निवत राहतो आणि भेगा वाढतात.

पांढऱ्या रंगाचं काय? तिथे एसआरआय हा शब्द येतो. ऊन परत फेकणं आणि शोषलेली उष्णता सोडून देणं या दोन्ही गुणांचा मिळून केलेला आकडा. मानक काळ्या पृष्ठभागाला ०, मानक पांढऱ्याला १००. कूल रूफ रंगाच्या डब्यावर हा आकडा शोधा; नुसतं ‘कूल’ लिहिलेलं पुरेसं नाही. पैसे अजिबात नसतील तर चुना घ्या. चुन्यात फेविकॉल मिसळून फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हात मारले की तो उन्हाळा निघतो. फरक अनवाणी पावलाला कळतो. आपल्याकडे धूळ भरपूर, त्यामुळे रंग कुठलाही असो, एप्रिलमध्ये एकदा गच्ची झाडून धुवा. मळलेला पांढरा रंग पांढऱ्याचं काम करत नाही.

रंग ऊन परत पाठवतो, एक्सपीएस आत आलेलं अडवतं. दोन्ही केलंत तर उत्तम, एकच जमत असेल तर नवीन घराला एक्सपीएस आणि जुन्याला रंग.

खिडक्या

खिडकीवाला काचेबद्दल बोलायला लागला की दोन शब्द येतात. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतला किती भाग आत येतो. साध्या पारदर्शक काचेचा ०.८ च्या आसपास, म्हणजे दहातले आठ वाटे आत. व्हीएलटी म्हणजे उजेडाचा किती भाग आत येतो. उष्णता कमी आणि उजेड पुरेसा, अशी काच चांगली. गडद काळी फिल्म मारली की उजेड जातो आणि दिवसा दिवे लागतात.

पण खरं सांगू? भारी काचेआधी छज्जा. ऊन काचेपर्यंत पोचूच दिलं नाही तर काचेचा गुण कशाला शोधायचा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या उन्हात चार फुटी खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो आणि खिडकीच्या खालच्या भागातून ऊब आत येते. ती हवीच असते. पूर्व-पश्चिमेला मात्र छज्ज्याचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे ऊन आडवं येतं. तिथे खिडकीच्या कडेला बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, जाळी, नाहीतर बाहेरून बांबूचा किंवा वाळ्याचा पडदा. आतला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो, हे लक्षात घ्या.

आणखी एक शब्द, उघडणारं क्षेत्र. वरच्याच इको निवास संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी घराच्या कार्पेटच्या १० टक्के एवढं उघडणारं क्षेत्र मागितलंय. म्हणजे ८०० चौरस फुटांच्या घराला ८० चौरस फूट. सरकत्या खिडकीत एकावर एक दोन पल्ले असतात, उघडते ती अर्धीच; चार बाय चारची सरकती खिडकी १६ नाही, ८ चौरस फूट धरायची. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. डासांची जाळी कुठे बसणार ते आधी ठरवा. समोरासमोर उघडं असेल तरच वारा खेळतो. एकाच भिंतीला दोन खिडक्या काढून क्रॉस व्हेंटिलेशन होत नाही.

कूलर की एसी

सोलापुरात कूलरला हसू नका. कूलर किती थंड करणार हे ठरवणारा आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान: थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो जिथे थांबेल ते. मेच्या दुपारी ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब २३ च्या जवळ येतं, आणि बरा कूलर २७ अंशांची हवा देतो. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि वर दमटपणा वाढवतो. म्हणून मार्च ते मे कूलर, पाऊस लागला की पंखा. कूलर लावून खिडक्या बंद करणारी घरं मी रोज बघते. ओली हवा जायला समोरची खिडकी उघडी हवीच. घर बांधतानाच कूलरसाठी भिंतीत जागा, बाजूला नळ आणि सॉकेट ठेवा. पाणी कुठलं वापरणार हेही ठरवा: बोअरच्या क्षाराने पॅड लवकर दगड होतात.

एसीचा टन म्हणजे यंत्राचं वजन नाही. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता. आता वरचा गच्चीचा हिशेब आठवा. छतातून हजार वॅट येत असतील तर एका टनातला चौथ्या हिश्श्याहून जास्त नुसत्या स्लॅबसाठी जातो. दुकानदार खोलीचं माप विचारून दीड टन सांगतो. त्याला वर दुसरा मजला आहे की उघडी गच्ची, हे तुम्ही होऊन सांगा.

तारे म्हणजे बीईईचं स्टार लेबल. एसीच्या लेबलवर आयएसईईआर हा आकडा असतो: हंगामभरात बाहेर काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. ताऱ्यांपेक्षा हा आकडा बघा आणि लेबलवरचं साल बघा, कारण ताऱ्यांची पात्रता मधून मधून कडक होते. जुन्या सालाचे पाच तारे आजच्या पाचाइतके असतीलच असं नाही. लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात ती १६०० तास धरून. तुम्ही दिवसाला आठ तास, तीन महिने चालवत असाल तर ७२० तास होतात. आकडा निम्म्याखाली आणा.

पंख्यातला बीएलडीसी म्हणजे कमी विजेवर फिरणारी मोटर. जुना पंखा ७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटं वाचतात. आपल्याकडे पंखा जवळजवळ वर्षभर फिरतो. एसी विकत घेण्याआधी सगळे पंखे बदला, असं मी स्पष्ट सांगते.

विजेचं बिल

युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास: हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक. मंजूर भार म्हणजे तुमच्या मीटरला किती किलोवॅटची परवानगी आहे. एसी, गिझर वाढवलेत तर तो तपासा. बिलावर स्थिर आकार असतो, तो घर बंद असलं तरी येतो. वीज आकार वापराचा, वहन आकार वीज तुमच्यापर्यंत आणण्याचा, इंधन समायोजन आकार वर-खाली होणारा, आणि घरगुती ग्राहकाला त्यावर १६ टक्के वीज शुल्क.

वीज आकाराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. एक गैरसमज घरोघरी आहे: ३०० च्या पुढे एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. पण याचाच दुसरा अर्थ असा की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं.

वायरिंगचं थोडक्यात: दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर, साध्या पॉवर सॉकेटला २.५, एसी-गिझरला ४. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर तापून जळू देत नाही. माणसाला शॉकपासून वाचवते ती आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की बंद पडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरची. दोन्ही हव्यात. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला वर पाइप ठेवा.

सोलर, आणि गच्चीवरची भोकं

सोलर वॉटर हीटर आणि सोलर पॅनेल वेगळे, हे अजून सांगावं लागतं. पहिला पाणी तापवतो, दुसरा वीज करतो. हीटरमध्ये एफपीसी म्हणजे तांब्याच्या बारीक नळ्यांची सपाट पेटी, ईटीसी म्हणजे काचेच्या नळ्या. बोअरचं जड पाणी असेल तर ईटीसी घ्या. एफपीसीच्या नळ्या क्षाराने बुजतात.

पॅनेलचं माप किलोवॅटमध्ये. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि तो दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण १५ ते १८ अंश. नेट मीटर म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून देणारा मीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. कोटेशनमध्ये अनुदान वजा करून किंमत दाखवलीय की न करता, ते विचारा.

कडक उन्हात पॅनेल जास्त वीज देतं असं लोकांना वाटतं. उजेड हवा, पण ताप नको: पॅनेल २५ अंशांच्या वर जितकं तापेल तितकं उत्पादन दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. म्हणून स्ट्रक्चर उंच घ्या, खालून वारा जाऊ द्या. उंच पॅनेलची सावली स्लॅबवर पडते तो फायदा वेगळा. पहिला उन्हाळा बघून मग सोलर किती किलोवॅटचं घ्यायचं ते ठरवलंत तरी चालेल, कारण इन्सुलेशन नीट झालं असेल तर गरज कमी निघते.

पण स्ट्रक्चरचे पाय कुठे येणार हे कोबा टाकण्याआधीच ठरवून तिथे काँक्रीटचे ठोकळे ओतून ठेवा. नाहीतर सोलरवाला मागाहून येऊन ड्रिलने मोझॅक, कोबा, एक्सपीएस आणि वॉटरप्रूफिंग असं सगळं भेदत खाली जातो, पावसाळ्यात छताला ओल धरते आणि वॉटरप्रूफिंगवाला गॅरंटीचा कागद दाखवून हात वर करतो. त्या कागदात ‘दुसऱ्याने भोक पाडल्यास जबाबदारी नाही’ ही ओळ असतेच. दोघांना एकाच दिवशी गच्चीवर बोलवा, खडूने पायांच्या जागा आखून घ्या आणि त्याचा फोटो दोघांच्या कोटेशनला टाचा.